काळी चार

१

राधाने संजयला भर रस्त्यात चोर म्हटलं, तेव्हा मी गॅलरीत गाद्यांना ऊन देत होते. दिवाळी तोंडावर आली होती. खालच्या तांबट आळीतली ठोकठोक एकदम थांबली, तशी मी वाकून पाहिलं.

"आतलं सगळं काढून घेतलंस तू," राधा म्हणत होती. "माझ्या दीपाच्या हातचं होतं ते."

"काकू, स्पीकरची तुटली तार जोडून दिली जी मी. दुसऱ्या कशाला हात नाही लावला."

"मग काय उंदरांनी नेलं?"

लोक जमले. कसबा पेठेत भांडणाला माणूस कमी पडत नाही.

संजय यवतमाळचा. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक खोपटं होतं, त्यात त्याचं दुकान. टीव्हीचे रिमोट, कॅल्क्युलेटर, आणि तेव्हा नुकतेच लोकांच्या हाती यायला लागलेले मोबाइल तो दुरुस्त करायचा. गावाकडून बायकोला आणि मुलीला आणून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. जागा तात्यारावांची. ते चष्मा पुसत खाली आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माझ्या जागेत हे चालायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या आत खोपटं रिकामं कर."

"तात्याराव, आधी चौकशी तरी करा," मी वरून म्हटलं.

"करा की, द्वारकाबाई. तुम्हाला वेळ आहे."

दुरुस्तीवाल्याला एकदा चोर म्हटलं की संपलं. पेठेत त्याच्या हातात कुणी घड्याळाचा पट्टासुद्धा दिला नसता.

वस्तू म्हणाल तर हातात धरून खेळायचा गेम. राखाडी रंगाचा, विटेच्या तुकड्याएवढा, वर लहानसा पडदा. राधाच्या भावाने अमेरिकेहून भाचीसाठी आणला, तेव्हा आळीतली सगळी पोरं जिन्यात रांग लावून बसायची. ती भाची म्हणजे राधाची लेक दीपमाला, आमची दीपा. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना कात्रजच्या उतारावर ट्रकने तिला उडवलं. त्यानंतर राधा, माझ्या वरच्याच घरात, रोज दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावायची, मग दीपाच्या फोटोपुढे तो गेम चालू करायची, सुरुवातीची धून एकदा पुरी वाजू द्यायची आणि बंद करायची. नैवेद्य दाखवावा तसं. कुणी तिला वेडी म्हटलं नाही. निदान तोंडावर नाही.

त्या संध्याकाळी माझ्या क्लासच्या मुली सा लावून बसल्या होत्या. दसऱ्यानंतर मी बहिणीकडे वाईला गेले होते, क्लास बंद होता, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी पेटी उघडली होती. वरून धून आली आणि मुलींच्या सुरावर येऊन आदळली. एक मुलगी कानावर हात ठेवून हसली.

मी पेटीचा भाता सोडला. राधा खरं बोलत होती. वर वाजत होता तो दीपाचा गेम नव्हता. पण संजयही खरं बोलत होता, हेही मला त्याच क्षणी कळलं.

२

हे मला कसं कळलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दीपा लहानपणी माझ्याकडे गाणं शिकायला यायची. गळा नव्हता तिला. कान मात्र असा की मी चुकून शेजारच्या पट्टीवर बोट ठेवलं तरी पोरगी मान वर करायची. मुलींना मी काळी चारमध्ये गायला बसवते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. दीपाच्या गेमची धून येऊन थांबायची पांढरी चारवर, तीन घरं खाली. रोज संध्याकाळी ती वर खेळायला बसली की खाली माझा क्लास बिघडायचा. मी तिला जिन्यात गाठून बोलले होते.

कॉलेजात गेल्यावर एक दिवस ती दारात येऊन म्हणाली, "बाई, आता नाही बेसूर होणार. तुमच्या पट्टीत आणलाय."

आणि खरंच, त्या दिवसापासून धून थेट काळी चारवर येऊन विसावायला लागली. मला वाटलं, रेडिओला असतं तसं काही बटण असेल. मी तिला शाबास म्हटलं नाही, 'बरं झालं' एवढंच म्हटलं. आम्ही पुण्याची माणसं.

ती गेल्यावरही धून काळी चारवरच येत राहिली. नवरात्राच्या आधी स्पीकर खरखरायला लागला म्हणून राधाने गेम संजयला दिला. घटस्थापनेला तो परत आला. आणि दसऱ्याला माझ्याकडे पाटीपूजन होतं, तेव्हा मुली प्रार्थना म्हणत असताना वरून धून आली ती पेटीशी इतकी चपखल मिळाली की मुली गाता गाता हसल्या. म्हणजे दुरुस्तीनंतरही गेम दीपाचाच होता. बदलला तो दसऱ्यानंतर, मी वाईला असताना.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. दारातच पेढा मिळाला. राधाचा मुलगा तेजस, दीपाहून दोन वर्षांनी लहान, सिंगापूरच्या कंपनीत निवडला गेला होता. मुलाखत बंगळूरला झाली, दिवाळी झाली की निघायचं होतं. एक मोठी बॅग पलंगावर उघडी होती.

"प्रोजेक्ट फार आवडला त्यांना," राधा म्हणाली. "गेमचा वेग वाढवायचा काहीतरी. मला कळत नाही."

"आई, बाईंना बोअर करू नकोस," तेजस म्हणाला.

मी राधाला विचारलं, "तुला कधी कळलं, गेम बदललाय म्हणून?"

"मंद झालाय, बाई. रडल्यासारखा वाजतो. मला वाटलं सेल उतरले. नवे घातले, तरी तसाच. आणि गंमत म्हणजे आता सेल संपतच नाहीत. पूर्वी आठवड्याभरात संपायचे."

"आतलं काढून घेतलंय, हे कुणी सांगितलं?"

"तेजसने."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो शर्टाच्या घड्या घालत होता.

"उघड आहे ना, बाई," तो म्हणाला. "संजयने आतला बोर्ड बदललाय. जुन्या बाजारात असल्या बोर्डांना गिऱ्हाईक मिळतं."

"तू उघडून पाहिलास?"

"मी कसा उघडणार? त्या स्क्रूला वेगळा ड्रायव्हर लागतो. तो संजयकडेच आहे."

त्याचं उत्तर बरोबर होतं. जरा जास्तच बरोबर होतं. मी राधाकडून गेम मागून घेतला, पदराखाली धरला आणि जिना उतरले.

३

संजयने दुकानाची फळी अर्धी लावली होती. समोर गिऱ्हाईक नव्हतं. मला पाहून तो उठला.

"बसा जी बाई. तुम्ही तरी आत आल्या."

"सामान बांधायला घेतलंस की काय?"

"बायको म्हणते गावी चला. गावी जाऊन सांगू काय? तिथेही फोन असतेच."

मी गेम त्याच्यासमोर ठेवला. "दुरुस्त करताना आत काय पाहिलंस, ते सांग."

त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "बाई, मी दहा वर्षं हे काम करतो. आत सर्किटची एक लहानशी पाटी बसवलेली होती, हाताने बनवलेली. डाग असे दिलेले, जसे ओवलेले मोती. मूळ क्रिस्टल काढून दुसरा लावलेला. मी बायकोला बोलावून दाखवलं. म्हटलं, पाहा, हे कोण्या पोरीनं केलं आहे. मग तार जोडली आणि झाकण लावलं."

"आता आत काय असेल?"

"ते उघडल्याशिवाय कसं सांगू? आणि मी उघडलं तर लोक म्हणतील, आत्ताच बदललं."

"मग उघडू नकोस. बाहेरून बघ."

त्याने डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि गेम पालथा केला. मागच्या बाजूला खोल भोकांत बसलेले स्क्रू होते. नेहमीच्या स्क्रूला वर एक चीर असते किंवा फुली असते. याला तीन पाकळ्या होत्या.

"कंपनी मुद्दाम असे स्क्रू लावते, कोणी उघडू नये म्हणून," तो म्हणाला. "मी पोलादी सळई घासून पाना बनवला आहे. हा पाहा. पोलाद पोलादावर घासलं की चमकता ओरखडा पडते. हे माझे ओरखडे." तो थांबला. भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं. "पण बाई, ओरखड्यावर काही बसलं आहे. निळं."

"गंज?"

"गंज निळा नसते. प्लास्टिक आहे. माझ्या ओरखड्याच्या वर. म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी हे उघडलं, आणि त्याचा पाना प्लास्टिकचा होता." तो स्वतःशीच हसला. "प्लास्टिकचा पाना कोण वापरते?"

मी भिंग मागून घेतलं. डोळे तेव्हा बरे होते माझे. पाकळीच्या कडेला निळी साय धरल्यासारखी दिसत होती. आणि त्या निळ्यात, अगदी तळाशी, आणखी एक रंग होता. तांबडा. चिमटीतही येणार नाही इतका.

संजयला तो रंग म्हणजे मळ वाटला. मला तो ओळखीचा होता. मी गेम पुन्हा पदराखाली घेतला आणि उठले.

४

दीपाबरोबर शिकणारा श्याम नावाचा मुलगा होता. लग्नाचं पक्कं झालं नव्हतं, पण दोन्ही घरांना माहीत होतं. तिच्या मागे तो अधूनमधून राधाकडे येऊन बसायचा, गेम हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा. 'हा मला द्याल का' असं त्याने एकदा विचारलं होतं आणि राधाने 'नाही' म्हटलं होतं. गेम कुणाला हवा होता असं विचारलं तर पहिलं नाव त्याचं निघत होतं.

तो हैदराबादहून येणार होता. मी स्वारगेटला गेले, डेपोच्या समोरच्या हॉटेलात त्याला बसवलं.

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय का?"

"घेतेय. चहा घे."

तो खिन्न हसला. "दसऱ्याच्या आधीपासून हैदराबादला आहे. कंपनीने पाठवलंय. आत्ता उतरलो, बॅग इथेच आहे. अजून काय विचारायचंय?"

"दीपाने त्या गेमला काय केलं होतं?"

त्याने बशीत चहा ओतला आणि तो निवू दिला.

"क्रिस्टल म्हणजे तुमच्या तबलजीसारखा, बाई. तो ठेका धरतो, बाकी सगळे त्याच्या मागे. ठेका जलद केला की खेळ जलद, चित्र जलद, सूरही चढा. कॅसेट जलद फिरली की आवाज चढतो तसं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सेल भराभर संपतात, एवढाच तोटा. नुसता क्रिस्टल कुणीही बदलेल. पण वेग वाढवला की गेम मध्येच गोठतो. तिने एक छोटी पाटी तयार केली, तिच्यामुळे गोठायचा नाही. ते तिचं डोकं. आणि बाई, वेग किती वाढवायचा हे तिने कसं ठरवलं माहिती आहे? तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारासमोर एकेक क्रिस्टल लावून बघत होती, हातात तुमच्याकडून आणलेली सूर लावायची पिपाणी. मी म्हटलं, अगं कुठलाही घे. तर म्हणाली, बाईंच्या काळी चारला लागला पाहिजे. दुकानदार वैतागून जेवायला निघून गेला."

मी माझा गार झालेला चहा संपवला.

"ते तीन पाकळ्यांचे स्क्रू ती कशाने उघडायची?"

"पेनाने. निळ्या बॉलपेनची नळी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की स्क्रूवर दाबून गार होऊ द्यायची. त्याच आकाराचं टोक तयार होतं. गरीब विद्यार्थ्यांचा ड्रायव्हर. तिच्या कंपासपेटीत असायचं ते."

"अजून आहे," मी म्हटलं.

कारण ते मी पाहिलं होतं. दसऱ्याला पाटीपूजनासाठी राधाने दीपाची कंपासपेटी माझ्याकडे आणून ठेवली होती. कर्कटक, पेन्सिल, पट्टी, प्रत्येक वस्तूला मी स्वतः हळदकुंकू वाहिलं. त्यात एक वितळक्या टोकाचं निळं पेन होतं. मोडकं पेन कशाला जपून ठेवलंय, असं माझ्या मनात आलं होतं. तरी त्याच्या टोकावर मी कुंकवाचा ठिपका ठेवला होता.

"तेजस सिंगापूरला चाललाय, कळलं का?" मी विचारलं. "प्रोजेक्टवर निवड झाली. गेमचा वेग वाढवायचा प्रोजेक्ट. बंगळूरला नेऊन चालवून दाखवला म्हणे."

श्यामने बशी खाली ठेवली.

"बाई, तेजसला सोल्डरिंग गन कुठल्या टोकाला धरतात तेही माहीत नाही."

५

धनत्रयोदशीला दुपारी मी सगळ्यांना राधाकडे बोलावलं. तात्याराव आरामखुर्चीत, संजय दाराशी उभा, श्याम खिडकीत, तेजस बॅगेपाशी. राधा स्वयंपाकघराच्या चौकटीत टेकून. मी माझा टेपरेकॉर्डर आणला होता आणि पेटीही वर आणवली होती.

"काय, मैफल आहे का?" तात्याराव म्हणाले.

"लहानशी. आधी राधा, गेम लाव."

धून वाजली. मी पेटीवर पांढरी चार दाबली. दोन्ही आवाज एक झाले. "हा आजचा. आता ही टेप ऐका. दसऱ्याचं पाटीपूजन, एका मुलीच्या वडिलांनी भरून दिलं."

मुलींची प्रार्थना आली, तिच्या मागे माझी पेटी आणि मग वरच्या मजल्यावरून, लांबून, ती धून. बारीक होती, पण स्पष्ट होती. राधाने पदर तोंडाला लावला.

"हीच," ती म्हणाली. "ही दीपाची."

"ही काळी चारवर येऊन थांबते. गेम दुरुस्त होऊन आला घटस्थापनेला. टेप दसऱ्याची. म्हणजे संजयने परत दिला तो दीपाचाच गेम होता."

"टेपचा काय भरवसा, बाई?" तेजस म्हणाला. "मशीन जलद फिरलं असेल. आवाज चढतो त्याने."

"चढतो. मग पेटीही चढली असती. मुलीही चढल्या असत्या. या टेपमध्ये तिघी एका सुरात आहेत. टेप कशीही फिरो, तिघी बरोबरच चढतील, बरोबरच उतरतील. आज मात्र पेटी तीच आहे आणि गेम तीन घरं खाली गेलाय."

तात्याराव खुर्चीत सावरून बसले. "मग कुणी बदलला?"

संजयने भिंग त्यांच्या हातात दिलं आणि स्क्रू दाखवला. त्याने काही जास्त सांगितलं नाही, निळं प्लास्टिक आणि त्याखालचे स्वतःचे ओरखडे, एवढंच.

"आणि तळाशी तांबडं दिसतंय ते कुंकू आहे," मी म्हटलं. "राधा, दीपाची कंपासपेटी आण."

राधा आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डब्याचं झाकण उघडल्याचा. ती बाहेर आली तेव्हा कंपासपेटी उघडूनच आणली होती. कर्कटकावर हळदकुंकू सुकून बसलं होतं. पट्टीवर होतं. पेन्सिलीवर होतं. निळ्या पेनाच्या टोकावर हळद कडेने होती, पण कुंकवाचा ठिपका गेला होता. जिथे टोकाला तीन पाकळ्या होत्या, तिथे प्लास्टिक स्वच्छ झालं होतं.

"दसऱ्याला मी ठेवलेलं कुंकू त्या पेनावरून स्क्रूत गेलं," मी म्हटलं. "म्हणजे दसऱ्यानंतर याच पेनाने गेम उघडला गेला. श्याम तेव्हा हैदराबादला होता. संजयला या कपाटाची वाट माहीत नाही. आणि आत बोर्ड बदललाय हे गेम न उघडता एका माणसाला ठाऊक होतं..."

"मीच उघडला," राधा म्हणाली.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. तेजसकडे पाहत होती. तो बॅगेची चेन उघडत होता, मिटत होता.

"राधा."

"मीच उघडला, बाई. दीपाने शिकवलं होतं मला. आतलं जुनं झालं होतं. दुसरं आणून घातलं. विसरले मी. हल्ली माझं डोकं ठिकाणावर नसतं, सगळ्यांना माहितीये."

"आणि आतलं होतं ते कुठे गेलं?" तात्यारावांनी विचारलं.

"टाकलं. कचऱ्यात."

"कचऱ्यात," श्याम म्हणाला. चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला. पुन्हा तो त्या घरी आला नाही.

राधा संजयसमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले. "माझं चुकलं. तुला नको ते बोलले."

"ठीक आहे, काकू." संजयने तिच्या खांद्यावरून तेजसकडे पाहिलं. मग भिंग खिशात टाकलं.

तात्याराव उठले. "म्हणजे घरातलंच होतं. उगाच आमची दुपार घालवलीत. संजय, राहा बाबा तू. द्वारकाबाई, टेप छान झालीये."

६

पेटी खाली पोचवायला तेजसच आला. जिन्यात, वळणावर, त्याने ती कठड्यावर टेकवली.

"तुम्ही अजून काही बोलणार आहात का, बाई?"

"मी बोलले. ऐकायचं त्यांनी ऐकलं. पाटी कुठे आहे?"

"बंगळूरला. तिच्यासकट अख्खा बोर्ड काढून नेला, इथे जुन्या बाजारातल्या गेमचा बसवला. पाटी त्यांनी ठेवून घेतली." तो पेटीच्या भात्यावरून बोट फिरवत होता. "दीपा असती तर तिनेच दिली असती मला."

"मागून बघायचं होतंस."

"कुणाकडे मागू?"

मी दुसरं विचारलं. "आणि संजयचं नाव का घेतलंस?"

"आई विचारत राहिली. तिला कुणाचं तरी नाव हवं होतं."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला, दुधाचा हिशेब सांगावा तसा. मग पेटी उचलून माझ्या दारात ठेवली आणि वाकून नमस्कार केला. दिवाळी होती. मी तोंडाने आशीर्वाद दिला.

दीपाचं काम सिंगापूरला तेजसच्या नावावर चाललं असेल. तो दर रविवारी फोन करतो. राधाला आता ऐकू कमी येतं, म्हणून ती फोनवर ओरडून 'हो, हो' म्हणते आणि खाली मला ऐकू येतं.

संजय देवदिवाळीच्या आधीच गेला. कुणी काढलं नव्हतं त्याला. कात्रजला डेअरीच्या पलीकडे जागा घेतली. "इथे चोर ऐकलं आहे जी बाई," तो म्हणाला, "इथे बसलं की मान वर होत नाही." त्याच्या खोपट्यात पुढे झेरॉक्सवाला आला, मग मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.

तेजस गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी राधा माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, ती टेप मला द्या."

मी दिली. आम्ही त्या दुपारबद्दल तेव्हा बोललो नाही आणि पुढेही कधी नाही. एकदा मात्र, दळण आणताना, ती आपणहून म्हणाली, "जिवंत असा तो एकच उरला होता, बाई." मी पिठाचा डबा दुसऱ्या हातात घेतला आणि चालत राहिले.

तेव्हापासून दिवेलागणीला तो गेम वाजत नाही. तो कपाटात आहे, निळ्या पेनाच्या शेजारी. राधा टेप लावते. माझ्या मुलींची प्रार्थना, माझी पेटी आणि लांबून येणारी ती धून. तेवढाच तुकडा लावते, मागे फिरवून ठेवते. तेजसने टेप वाजवायचं नवं यंत्र पाठवलं होतं, ते तिने खोक्यातून काढलंही नाही.

क्लास मी कधीच बंद केला. पण पेटी आहे, आणि कान अजून शाबूत आहेत. गेल्या दिवाळीत टेप लागली तेव्हा मी पेटी उघडून पट्टी ताडून पाहिली. राधाच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा ढिला झालाय, वर्षानुवर्षं उतरत चाललाय. टेपमध्ये मुली, पेटी आणि धून अजून एकमेकींशी नीट मिळतात. फक्त तिघी मिळून खाली आल्यात. काळी चार केव्हाच सुटली. पांढरी पाचही मागे पडली, काळी तीनच्या आसपास घोटाळतात. आणखी थोडा पट्टा सैल झाला की पांढरी चार येईल, आणि मग दीपाची धून आणि कपाटातला तो गेम एकाच सुरात वाजतील.

राधाला पट्टी कधी कळलीच नाही. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, हल्ली दीपा मंद झालीये का हो?"

मी म्हटलं, "नाही गं. तुझं वय झालं."

तिने मान हलवली आणि कठडा धरून वर गेली. या वेळी तिने कुणाचंच नाव घेतलं नाही.